सासूबाई उतरणार नाहीत

गाडीच्या मागच्या बाजूला काय असतं, असं मला कुणी मागच्या वर्षापर्यंत विचारलं असतं, तर मी 'डिकी' असं उत्तर देऊन मोकळा झालो असतो. घरपट्टीच्या कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या माणसाला याहून जास्त ज्ञान लागत नाही. पण आमच्या सान अबुंदिओ गावात हे उत्तर चालत नाही. एस्पान्योला शहराच्या वरच्या अंगाला, नदीच्या कडेकडेने वसलेलं हे गाव. इथली पोरं चालायच्या आधी गाडीखाली सरपटायला शिकतात. आणि गाडीचं बूड जमिनीपासून किती वर आहे, यावर त्या घराची अब्रू ठरते. बूड जितकं खाली, अब्रू तितकी वर. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं, पण बाहेरच्या माणसाला विचारतोय कोण?

आमच्या घराची अब्रू म्हणजे माझ्या सासऱ्यांची, ओनोफ्रे लुसेरो यांची, चौसष्ट सालची इम्पाला. रंग पिकलेल्या चेरीचा, आतल्या गाद्या पांढऱ्या, आणि मागचा भाग असा बसलेला की गाडी उभी आहे की आरामखुर्चीत रेलली आहे, ते कळू नये. सासऱ्यांनी तरुणपणी मागच्या स्प्रिंगा कापल्या होत्या, आणि वर डिकीत वाळूची पोती टाकली होती. गावच्या संताच्या सणाला देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आवारात गाड्यांना आशीर्वाद द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. सगळ्या गाड्या ओळीने, माणूस चालतो त्याहून हळू, गावभर फिरून देवळात जातात. ओळीत पहिली गाडी लुसेरोंची. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सूर्य कुठून उगवतो हेही कुणी लिहून ठेवत नाही.

या सगळ्या थाटात एकच गोम होती. देवळाच्या फाटकासमोरून शेतांना पाणी नेणारा जुना पाट वाहतो, आणि त्यावर एक दगडी पूल आहे. पूल लहान, पण मधोमध असा फुगलेला की खाली बसलेली गाडी त्यावर पोट घासून अडकणार म्हणजे अडकणारच. म्हणून सासरे दर वर्षी पुलाच्या अलीकडे गाडी थांबवायचे, मागे वळून "उतरा" म्हणायचे, आणि सासूबाई, दोन्या क्लेओफास, सणाचे पांढरे बूट घालून सगळ्या गावादेखत धुळीतून चालत आत जायच्या. मग पोती उतरायची, हलकी झालेली गाडी मागून डुलत डुलत आत यायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या गाडीला. लग्नाचा अख्खा संसार सासूबाईंनी त्या पुलावर पायी काढला.

सासरे गेले आणि दोन वर्षं गाडी आमच्या शेडमध्ये चादर पांघरून बसली. या वर्षी जेवायला सगळे जमलो असताना सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "यंदा गाडी काढायची. ओनोफ्रेच्या वेळी होती तश्शी, खाली बसलेली. बोटभरही वर नको." आम्ही माना डोलावल्या. मग त्या म्हणाल्या, "आणि मी पुलावर उतरणार नाही. एकदा तरी मला बसून आत जायचंय. पुढच्या वर्षी हे गुडघे मला कुठे बसवतील, काही सांगता येत नाही."

त्यांनी पुन्हा चमचा उचलला. टेबलाभोवती असलेल्या कुणालाही, म्हणजे गाड्यांच्या जातिवंत माणसांनाही, ही दोन वाक्यं एकत्र कशी बसवायची ते कळेना. त्या मात्र शांतपणे भात खात होत्या.

माझा साडू फिलिबेर्तो टायरचं दुकान चालवतो आणि त्याची गाडी ओळीत दुसरी असते. तो म्हणाला, "दुकानात आणून टाका. बघतो." खरं तर इथेच गोष्ट संपायची. पण त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि पुढे म्हणाला, "नाहीतर आमचे साडूभाऊ शिक्का मारतील, गाडी आपोआप वर होईल." सगळे हसले. माझी बायको ओरालियाही हसली, आणि ते जरा जास्तच मनापासून होतं. माझ्या तोंडून निघून गेलं की हे काम मी माझ्या घरी, माझ्या हाताने करीन.

आता, कचेरीतल्या माणसाचं पहिलं हत्यार पाना नसतं, अर्ज असतो. गाडी वर करण्यापेक्षा पूल खाली केला तर? मी पाटाच्या पंचायतीकडे गेलो. ते म्हणाले, खालचं पाणी आमचं, वरचे दगड देवळाचे. देवळाने सांगितलं की दगड आमचे, पण त्यावरून रस्ता जातो आणि रस्ता सरकारचा. सरकार म्हणजे माझीच इमारत, माझ्यापासून तिसरी खिडकी. तिथल्या माझ्या मित्राने नकाशा पसरला, चष्मा पुसला आणि दाखवलं की रस्ता पुलाच्या अलीकडेच संपतो आणि देवळाची जागा पुलाच्या पलीकडे सुरू होते. मधे नकाशावर काही नाही. जो पूल नाही तो खाली करता येत नाही, असं त्याने मला लेखी दिलं. त्याच्या शिक्क्याची शाई वाळली होती, ती मीच माझ्याकडची दिली.

तेव्हा गाडीच. उपाय मी एका पुस्तकातून काढला आणि मला तो अजूनही थोर वाटतो. मागच्या दोन स्प्रिंगा काढायच्या आणि त्या जागी जाड रबराचे दोन फुगे बसवायचे. डिकीत हवेची टाकी आणि ती भरणारा छोटा पंप. हाताशी बटण. हवा सोडली की गाडी सासऱ्यांच्या उंचीला बसते, भरली की उठते. म्हणजे गावातून बसून जायचं, पुलावर उठायचं, आत जाऊन परत बसायचं. हे ऐकून ओरालिया म्हणाली, "हे तर तू रविवारी देवळात करतोस तेच आहे."

मी शेडसमोर गाडीचं बूड जॅकवर चढवून खाली घोड्या लावल्या, आणि बातमी वाऱ्यासारखी पसरली. समोर राहणारे म्हातारे त्रांकिलिनो स्वतःची खुर्ची घेऊन आले. ते रोज येत राहिले आणि काही दिवसांनी खुर्ची घरी नेणं त्यांनी सोडून दिलं. त्यांचं म्हणणं, फुगे वाढदिवसाला लावतात, गाडीला वाळू लावतात. दुसऱ्या एकाचं मत पडलं की स्प्रिंग तापवून बसवावी. तिसऱ्याच्या चुलतभावाने तशीच बसवली होती आणि आता तो बसने फिरतो. सल्ला देणारे एकमेकांशी भांडायचे, मला पाणी मागायचे, आणि मी पाना धरून गाडीखाली उताणा पडून कोण जिंकतंय ते ऐकत राहायचो. गाडीखालून माणसांचे फक्त बूट दिसतात. बुटांना इतकी ठाम मतं असतात, हे मला नवीन होतं.

स्प्रिंग काढायच्या आधी ती साखळीने बांधून घ्यायची असते. हे पुस्तकात होतं, पुढच्या पानावर. मी बोल्ट सोडला, आणि उजवी स्प्रिंग एवढी वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी एकदाच बोलून टाकावं तशी निघाली. शेडच्या पत्र्यावर आपटली, भिंतीवरून गेली आणि शेजारच्या युफेलियाबाईंच्या खुराड्यात जाऊन स्थिरावली. कोंबड्या सगळ्या वाचल्या. पण त्यांनी त्या दिवसापासून अंडी द्यायचं बंद केलं, आणि युफेलियाबाई रोज सकाळी रिकामी टोपली घेऊन आमच्या दारात येऊन उभ्या राहू लागल्या. त्या सासूबाईंबरोबर जपमाळ म्हणणाऱ्या, त्यामुळे त्यांना नुसतं 'माफ करा' म्हणून चालणार नव्हतं. शेवटी त्यांना सणाच्या दिवशी इम्पालात बसवून नेण्याचं मी कबूल केलं. कोंबड्यांनी ते मान्य केलं नाही, पण बाईंनी केलं.

मग नोटीस आली. रस्त्यावरून दिसेल अशी चाकं काढलेली गाडी म्हणजे भंगार समजून ती उचलण्यात येईल. नोटीस माझ्याच इमारतीतून निघाली होती, म्हणजे दुपारी चहा पिताना माझ्या टेबलावरूनच पुढे सरकली असणार. मी तिसऱ्या खिडकीवरच्या मित्राला म्हणालो, "अरे, ही माझी गाडी आहे." तो म्हणाला, "म्हणूनच लवकर पाठवली. ओळखीच्या माणसाचं काम अडकवून ठेवायला बरं वाटत नाही." नियमात लिहिलं होतं की गाडी झाकलेली असली तर चालेल. म्हणून पुढचं सगळं काम मी ताडपत्रीच्या तंबूत केलं. त्रांकिलिनोंनी खुर्ची आत घेतली.

फुगे बसले. नळ्या जोडल्या. फिलिबेर्तो नेमका त्याच संध्याकाळी 'सहज' आला. मी ताडपत्री बाजूला केली, त्याच्याकडे न पाहता बटण दाबलं. नळ्यांची काहीतरी अदलाबदल झाली होती. डावा फुगा ऐटीत वर गेला, उजवा होता तिथेच राहिला, आणि सासऱ्यांची इम्पाला एक मागचा पाय उचलून उभी राहिली.

फिलिबेर्तोने ते दृश्य सगळ्या बाजूंनी पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "साडूभाऊ, हिला जरा बाहेर फिरवून आणा. फार वेळ धरून ठेवलंय बिचारीने."

त्या रात्री मी जेवलो नाही. जेवलो, पण कमी. ओरालिया माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली की आईने सणासाठी नवे पांढरे बूट आणलेत, ती ते घरातल्या घरात घालून बसते. तिने एवढंच सांगितलं. सकाळी उठून मी सगळ्या नळ्या काढल्या आणि पहिल्यापासून लावल्या.

आणि मग, सांगायला अजून छाती फुगते, ते जमलं. मंगळवारी दुपारी गावात कुणी नसताना मी आणि ओरालिया गाडी घेऊन पुलावर गेलो. बटण दाबलं. गाडीचं बूड एखादी जाडी बाई मान राखून उठावी तसं उठलं, पूल ओलांडला, आणि पलीकडे जाऊन बसलं. खाली दगडाला पुसटसुद्धा घासलं नाही. मी पुन्हा मागे आणली, पुन्हा नेली. त्रांकिलिनो आदल्या दिवशी म्हणाले होते की डिकीत वाळू भरून बघ. मी हसलो. विज्ञानात वाळूला जागा नसते.

सणाच्या सकाळी युफेलियाबाई आल्या. आता आमच्या गावात गाडीत जागा असताना म्हाताऱ्या बाईला पायी सोडलं, तर त्या माणसाच्या मयताला कुणी येत नाही. युफेलियाबाई बसल्या म्हटल्यावर जपमाळेच्या चौकडीतल्या उरलेल्या दोघी मागे राहतील कशा? मागच्या गादीवर मधोमध सासूबाई, दोन्ही बाजूंना दोघी, पुढे माझ्याशेजारी युफेलियाबाई. सासूबाई चिपाडासारख्या, पण ती कसर बाकीच्या तिघींनी भरून काढली होती. डिकीत पंपाशेजारी सणाचं मोठं पातेलं, मका आणि डुकराच्या मटणाच्या रश्शाने काठोकाठ भरलेलं. ओरालियाला जागाच उरली नाही, ती फिलिबेर्तोच्या गाडीत मागे गेली. जाताना तिने गाडीच्या बुडाकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. बायको काही बोलत नाही तेव्हा विचारावं, एवढं मला त्या दिवशी सुचायला हवं होतं.

ओळ निघाली. पहिल्याच वळणावर पोर्चात बसलेल्या कुणीतरी हात केला, आणि सासूबाई म्हणाल्या, "बाळा, तुझं ते यंत्र दाखव की त्यांना."

मी बटण दाबलं. गाडी बुडाने उठली, बसली. पोर्चात टाळ्या पडल्या. या वेळी टाळ्यांमध्ये माझाही वाटा होता, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. पुढच्या घरी युफेलियाबाईंच्या जाऊबाई होत्या, त्यांना दाखवणं भागच होतं. मागच्या एकीचा भाचा, दुसरीची एक वैरीण (तिला दोनदा दाखवलं), टपालवाला, बंद असलेलं दुकान. दर घरी मागून हुकूम यायचा, वर कर, खाली कर, आणि चारी जणी शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या खिदळायच्या. सासूबाईंना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. डिकीतला पंप अखंड घरघरत होता. एका वळणावर त्याची घरघर थांबली. मला वाटलं, टाकी भरली असेल.

पूल आला. समोर फाटक, आत सगळं गाव, फादर पवित्र पाण्याची बादली घेऊन उभे. मागे गावातल्या झाडून सगळ्या गाड्या. मी रुबाबात बटण दाबलं. मागून एक छोटासा उसासा ऐकू आला. मी पुन्हा दाबलं. या वेळी उसासाही आला नाही. गाडीला तोवर जो वेग होता त्याने ती पुढची चाकं पुलावर चढवून, मध्यावर पोट टेकवून, करकचून थांबली.

पंपाचा फ्यूज जळला होता. टाकीतली हवा आम्ही सगळ्या गावाला नमस्कार करत वाटून टाकली होती. आणि चार बायकांना आणि एका पातेल्याला उचलायला जेवढी हवा लागते, तिचा मी आधी कधी विचारच केला नव्हता.

मी मागे वळलो. सासऱ्यांच्या त्याच जागेवर, त्याच पुलावर, माझ्या ओठांवर तोच 'उतरा' शब्द आला होता. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तो आतच राहिला.

"मी उतरणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पर्स मांडीवर सरळ केली.

आता बाकीच्या तिघींपैकी कुणी उतरलं असतं, तर कदाचित भागलं असतं. पण जी पहिली उतरेल, तिच्यामुळे गाडी अडकली होती असं गाव कायमचं म्हणणार, हे तिघींनाही कळत होतं. युफेलियाबाई अतिशय प्रेमाने मागच्या एकीला म्हणाल्या, "तुझ्या पाठीला बसून त्रास होत असेल ना गं? उतर हवं तर." ती म्हणाली, "छे, पण तुला उन्हाची सवय आहे, तू उतरलीस तर तुला काही वाटणार नाही." तिसरीने डोळे मिटून जपमाळ सुरू केली आणि ती मधे थांबवता येत नाही, असं बोटाने दाखवलं.

फादर बादली घेऊन आले. त्यांनी वाकून खिडकीतून पाहिलं, चारी चेहरे वाचले, आणि शहाणा माणूस असल्याने कुणालाही काही सुचवलं नाही. फक्त सासूबाईंना म्हणाले, "दोन्या क्लेओफास, दोन पावलंच तर आहेत. मी हात धरतो."

"फादर, ती दोन पावलं मला पाठ आहेत," सासूबाई म्हणाल्या. "आज बसून जायचं ठरवून आलेय."

मागे हॉर्न वाजायला लागले. मी खाली उतरलो. आयुष्यात इतकं लहान मला कधी वाटलं नव्हतं. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, पण त्याचं मला काही नव्हतं, ते मी खिडकीत बसून रोज सोसतो. आत ते पांढरे बूट घालून बसलेली बाई मी दिलेल्या शब्दावर बसली होती, ते मला सहन होत नव्हतं. मागून फिलिबेर्तो येत होता. त्याच्या अंगावर सणासाठी कडक इस्त्रीचा शर्ट होता. मी मनातल्या मनात त्याचं वाक्य ऐकूनही घेतलं, शिक्क्याचं.

पण त्याने मागच्या काचेतून सासूबाईंची ताठ मान पाहिली, बंपरकडे पाहिलं, बाह्या वर केल्या आणि मागच्या गाड्यांकडे हात केला. एकेक जण उतरून आला. एरवी ही माणसं एकमेकांच्या गाडीला 'बरी आहे' म्हणायलाही तयार नसतात. आठ-नऊ जण बंपरला आणि मडगार्डांना खालून हात घालून वाकले. त्रांकिलिनो हात घालू शकत नव्हते, ते सूचना देत होते.

"तू आत बस," फिलिबेर्तो मला म्हणाला. "चालव. अगदी हळू. आणि बटणाला हात लावलास तर बघ."

मी बसलो. मागून एक मोठा हुंकार आला आणि इम्पालाचं बूड उठलं. खरंच उठलं, मंगळवारी उठलं होतं तितकंच. मी पाय जेमतेम टेकवला. गाडी पुढे सरकली, मागून बुटांचा घासण्याचा आवाज, कुणाचे तरी "आई गं", कुणाचे तरी संतांना उद्देशून न म्हणण्यासारखे शब्द. पातेलं एकदा डचमळलं. सासूबाईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पूल खालून गेला, फाटक गेलं, आणि फादरनी घाईघाईने आमच्यावर इतकं पाणी शिंपडलं की काचेतून मला पुढचं दिसेना.

देवळाच्या दाराशी मी गाडी थांबवली आणि मागचं दार उघडलं. सासूबाई लगेच उतरल्या नाहीत. "जरा थांब," म्हणाल्या. दोन्ही हात गादीवर ठेवून त्या आवाराकडे, माणसांकडे, दाराकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, पण मी ते पवित्र पाणी असल्यासारखं पुसलं.

मग त्या उतरल्या आणि गावातल्या बायकांनी त्यांना घेरलं. न उतरता आलात कशा, म्हणून सगळ्या मुद्दामच विचारायला लागल्या. सासूबाईंनी मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या जावयाने मागे यंत्र बसवलंय. बटण दाबलं की गाडी आपोआप उचलली जाते."

गाडीच्या मागे ते यंत्र कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभं होतं. कुणाचा शर्ट काळा झाला होता, कुणाची बोटं सोलली होती. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ओरालियाचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. फिलिबेर्तोने कपाळाचा घाम पुसला, त्याबरोबर तिथे ग्रीसचा पट्टा उमटला.

"यंत्र झकास आहे, सासूबाई," तो म्हणाला. "फक्त दुपारी त्याला थंडगार बिअर पाजावी लागते."

"मग पाजा," सासूबाई म्हणाल्या. देवळाची पायरी चढता चढता त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आणि बाळा, पुढच्या वर्षीही हेच ठेव. ते फुगे मात्र काढून टाक."